अंगठीचा दोरा: नाशकातल्या एका वृद्धाश्रमातील चुकलेल्या आरोग्य नोंदींचा प्रकरण अभ्यास

एप्रिलमधला दुसरा शनिवार. मखमलाबादच्या बाजूला, द्राक्षबागांना लागून असलेल्या एका वृद्धाश्रमात मी डॉक्टर म्हणून महिन्यातून दोनदा राऊंडला जाते. नाडी पाहायला एका आजींचा हात हातात घेतला, तर बोटातल्या अंगठीला आतून दोरा गुंडाळलेला दिसला. एखादा वेढा नव्हे, चांगला जाड थर. खालचा दोरा मळून काळपट झालेला, वरचा त्याहून उजळ. म्हणजे दोन वेगवेगळ्या वेळी गुंडाळलेला. सकाळपाळीच्या मावशींना विचारलं. त्या म्हणाल्या, "संक्रांतीनंतर बांधला, मॅडम. आंघोळ घालताना अंगठी मोरीत गेली होती. होळीला परत सैल झाली, म्हणून अजून वेढे दिले."

माझ्या दुसऱ्या हातात आजींच्या महिनावार तपासणीचे फॉर्म होते. जानेवारी, वजन ५२ किलो. फेब्रुवारी, ५१.५. मार्च, पुन्हा ५२. प्रत्येक फॉर्मखाली माझी सही.

हे प्रकरण मी आजींच्या आणि त्यांच्या मुलाच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, संस्थेचं नावही देत नाही. ही संस्था वाईट नाही. तिथे माणसांना वेळेवर जेवण मिळतं, अंथरुणं स्वच्छ असतात, कुणी कुणावर ओरडत नाही. म्हणूनच हे प्रकरण मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

एक शब्दाचा खुलासा आधी करते. परदेशात 'नर्सिंग होम' म्हणजे वृद्धांचं दीर्घकाळ शुश्रूषेचं घर. आपल्याकडे नर्सिंग होम म्हटलं की बाळंतपणाचा किंवा ऑपरेशनचा छोटा खासगी दवाखाना डोळ्यांसमोर येतो. मी बोलते आहे ते पहिल्या अर्थाच्या जागेबद्दल. नाशकात त्याला कुणी वृद्धाश्रम म्हणतं, कुणी केअर सेंटर.

आजी ७८ वर्षांच्या, महापालिकेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका. आयुष्य जुन्या नाशकात वाड्यात गेलं. यजमान गेल्यावर दोन वर्षं एकट्या राहिल्या, मग ऑक्टोबरमध्ये मुलाने इथे आणलं. बीपीची गोळी चालू होती, टेल्मिसार्टन आणि क्लोरथॅलिडोन एकत्र असलेली. डाव्या कानाला श्रवणयंत्र, वरखाली दोन्ही कवळ्या. दाखल होताना रक्त तपासलं तेव्हा सोडियम १३७ होतं, वजन ५२.

त्या शनिवारी मी राऊंड तिथेच थांबवला आणि आजींची तपासणी पहिल्या ओळीपासून पुन्हा सुरू केली.

वजनापासूनच अडलं. संस्थेचा काटा न्हाणीघरात वापरतात तसला छोटा, सपाट, धरायला काही नसलेला. त्यावर आजी आधाराशिवाय उभ्या राहू शकत नव्हत्या, आणि आधार दिला की काटा खोटं सांगतो. शेजारच्या बागायतदाराकडून द्राक्षांचे क्रेट तोलायचा प्लॅटफॉर्म काटा मागवला. त्यावर प्लास्टिकची खुर्ची ठेवून आजींना बसवलं. एकूण ४७.३, खुर्ची २.४. आजींचं वजन ४४.९ किलो. सहा महिन्यांत ७ किलोंच्या वर, म्हणजे साडेतेरा टक्क्यांहून जास्त घट. महिन्यात ५ टक्के किंवा सहा महिन्यांत १० टक्के वजन उतरलं की वृद्धांच्या बाबतीत ती धोक्याची खूण धरतात.

रक्तदाब फॉर्मवर दर महिन्याला १३०/८०. आडवं असताना मला १३६/८० मिळाला. मग उभं करून, दोन्ही बाजूंनी धरून, तीन मिनिटांनी पुन्हा घेतला तर १०६/६६. उभं राहिल्यावर वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला तरी तो दोष मानतात. इथे वरचा ३० ने उतरला होता. "डोळ्यांपुढे अंधारी येते का?" विचारलं, तर आजी माझ्याकडे नुसत्या पाहत राहिल्या. जेवणाच्या वेळेलाही झोपलेल्या होत्या, हाक मारल्यावर डोळे उघडून परत मिटत होत्या. फॉर्मवर वागणुकीच्या रकान्यात लिहिलं होतं: शांत, त्रास देत नाहीत.

मग मी मोजे काढले.

उजव्या टाचेच्या मागच्या बाजूला जांभळट काळा डाग, साधारण ३ बाय २ सेंटीमीटर. कातडी फाटलेली नव्हती. पण बोटाने हलकेच दाबलं तर आत पिकलेल्या फळासारखं मऊ लागत होतं, आणि डाग दाबूनही फिका पडत नव्हता. हा बेडसोर, म्हणजे एकाच जागी दाब पडून होणारी जखम, आतून तयार होत आलेला. फॉर्मवर होतं: 'त्वचा ठीक, लालसरपणा नाही'. आपल्या सावळ्या कातडीवर लालसरपणा बहुतेकदा दिसत नाही. दिसतो तो गडदपणा, आणि तोही उशिरा. आपल्या लोकांची टाच हाताच्या मागच्या बाजूने चाचपावी लागते, दुसऱ्या टाचेशी ताडून: गरम आहे का, मऊ पडली आहे का, घट्ट झाली आहे का. मावशींनी डाग पंधरा दिवसांपूर्वीच पाहिला होता. सिस्टरना सांगितलंही होतं, आणि आपल्या परीने रोज तेल लावून चोळत होत्या. अशा जागी चोळलं तर आतलं मांस आणखी दुखावतं, पण हे त्यांना कुणी कधी सांगितलेलंच नव्हतं.

संध्याकाळी आजींना गंगापूर रोडवरच्या एका रुग्णालयात हलवलं. सोडियम १२१ आलं. सर्वसाधारण पातळी १३५ ते १४५. एवढं उतरलेलं सोडियम माणसाला सुस्त, गोंधळलेलं आणि पायावर डळमळीत करतं, आणखी उतरलं तर झटके येऊ शकतात. ते वर आणायचं तेही जपून, पहिल्या चोवीस तासांत आठच्या आसपासच. घाई केली तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. बीपीची ती गोळी बंद झाली. आणखीही एक गोळी बंद झाली, तिच्याकडे मी येतेच.

आता प्रश्न असा की सहा फॉर्म भरून, सिस्टर प्रशिक्षित असून, डॉक्टर महिन्यातून दोनदा येऊनही हे निसटलं कसं? पुढच्या आठवड्यात मी तिथे तीन संध्याकाळी बसले आणि सगळ्यांशी बोलले, वेगवेगळ्या पाळ्यांमधल्या. कुणाला दोषी ठरवायला नाही, हे आधी सांगितलं.

फॉर्म महिन्याच्या शेवटच्या दिवसांत, रात्री भरले जात. दोन डझनांच्या आसपास निवासी, रात्रीला एकच सिस्टर. मागच्या महिन्याचा फॉर्म शेजारी ठेवायचा आणि नवा भरायचा. काटा जानेवारीत बंद पडला, सेल आणायचा राहून गेला. सिस्टर माझ्याशी अगदी सरळ बोलल्या: "मॅडम, दर वेळी ५२ च लिहिलं असतं तर तुम्ही विचारलं असतं, म्हणून एकदा ५१.५ लिहिलं." सांगताना त्यांचे डोळे भरून आले होते. मला त्यांचा राग आला नाही. फॉर्मवर 'घेतलं नाही' असं लिहायला जागाच नव्हती, आणि रकाना रिकामा दिसला की व्यवस्थापक फॉर्म परत पाठवत. रिकाम्या रकान्याला शिक्षा आणि खोट्या आकड्याला सही, ही व्यवस्था आम्हीच उभी केली होती. त्यात सहीचा भाग माझा.

पण निव्वळ मनाने लिहिलेले आकडे ते वजनाचेच. बाकीच्या चुका प्रामाणिकपणे झालेल्या आहेत, आणि त्या समजायला जास्त अवघड आहेत.

रोजच्या कामांची क्षमता मोजायला बार्थेल निर्देशांक वापरतात. १९६५ पासूनची ही पट्टी आहे: जेवण, आंघोळ, कपडे, शौच, लघवी, पलंगावरून खुर्चीत, चालणं, जिना अशी दहा कामं, एकूण गुण १००. आजींना दर महिन्याला ९० मिळत होते. मी पुन्हा मोजले, ५५ भरले. हा फरक एका क्रियापदाचा आहे. सिस्टर विचारायच्या, "आजी चालतात ना?" मावशी म्हणायच्या, "चालतात." दोघीही खरंच बोलत होत्या. आजी चालत होत्या, पण मावशींचा एक हात त्यांच्या कमरेला असायचा. "जेवतात ना?" जेवत होत्या, मावशी भात कालवून चमचा हातात देत तेव्हा. या पट्टीचा नियमच असा की माणूस काय करू शकेल ते लिहायचं नाही, काल-परवा प्रत्यक्षात काय केलं आणि कुणाच्या मदतीने केलं ते लिहायचं. हात लावणारीला ती मदत वाटतच नाही. तो तिचा रोजचा हात असतो.

पडण्याचंही तसंच. सहाही फॉर्मवर 'पडणे: नाही'. रात्रपाळीच्या मावशी पेठ तालुक्यातल्या, मोजक्या बोलणाऱ्या. त्यांना मी विचारलं, आजी कधी पडल्या का? "नाही." कधी जमिनीवर सापडल्या का? "हो, मार्चात दोनदा. पडल्या नाहीत, बसल्या होत्या खाली, पलंगाला पाठ लावून." आपल्या बोलण्यात पडणं म्हणजे धाडकन आवाज, रक्त, मोडलेलं हाड. आणि "माझ्या पाळीत पडल्या" म्हणणं म्हणजे दोष पदरात घेणं. जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येत माणूस नकळत जमिनीवर किंवा खालच्या पातळीवर येऊन टेकला की ते पडणंच. लागलं की नाही हा पुढचा प्रश्न. त्या दोन 'बसण्यां'ची नोंद झाली असती तर मार्चमध्येच कुणीतरी उभं करून बीपी घेतलं असतं.

या सगळ्यात मला सर्वात जास्त छळणारी गोष्ट मात्र कानाची आहे.

जानेवारीत एका शिबिरात सगळ्या निवाशांची स्मरणशक्तीची चाचणी झाली. तीस गुणांची, जगभर वापरली जाते ती. आजींना तेरा मिळाले. फॉर्मवर चढलं: स्मृतिभ्रंश, मध्यम. त्या दिवशी आजींच्या श्रवणयंत्राचा सेल संपलेला होता. यंत्र कानात होतं, त्यामुळे तपासणाऱ्याला वाटलं, ऐकू येतंय. ज्या बाईने तीस वर्षं मुलांना पाढे शिकवले, ती शंभरातून सात वजा करत जा म्हटल्यावर गप्प बसली. प्रश्न तिच्यापर्यंत पोचलाच नव्हता.

शिक्का एकदा बसला की पुढचं सगळं त्याच्या उजेडात वाचलं जातं. आजींनी "टाच दुखते" म्हटलं, तर "असंच बोलतात" झालं. कवळी सैल आहे, भाकरी चावत नाही, हे त्यांनी दोनदा सांगितलं. ताटात भाकरी परत येऊ लागली तेव्हा स्वयंपाकघराने परस्पर ताक-भात सुरू केला. वजन उतरल्याने हिरड्या आकसल्या, कवळी आणखी सैल झाली, खाणं आणखी कमी झालं. ऐकू येत नाही म्हणून त्या गप्प, गप्प म्हणून फॉर्मवर 'उदास'. फेब्रुवारीत मुलाने त्यांना दुसऱ्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांच्या हाती आमचाच फॉर्म: स्मृतिभ्रंश, उदास, वजन स्थिर. त्यांनी नैराश्यावरची एस्सिटालोप्रॅम ही गोळी सुरू केली. समोरच्या कागदावरून तो निर्णय चुकीचा म्हणता येणार नाही. पण ही गोळी वृद्धांचं सोडियम उतरवू शकते, बीपीच्या गोळीतलं क्लोरथॅलिडोनही उतरवतं, आणि खाणं आधीच तुटपुंजं. रुग्णालयात बंद झालेली दुसरी गोळी ती हीच.

एका बटणाएवढ्या सेलपासून १२१ सोडियमपर्यंतचा हा रस्ता मी वहीत बाण काढत काढत मांडला, तेव्हा बराच वेळ माझ्याच्याने वही मिटवेना.

सोडियम सावरल्यावर दहा दिवसांनी, मेनरोडवरून आणलेला नवा सेल घालून, शांत खोलीत तीच चाचणी पुन्हा घेतली. २६ गुण. ९३, ८६, ७९, आजी सांगत गेल्या, आणि मग म्हणाल्या, "अगं, हे मला तेव्हाही येत होतं. तेव्हा विचारलं कुणी?"

हा प्रश्न फक्त आपल्याकडचा नाही. अमेरिकेत १९८६ मध्ये नर्सिंग होमच्या दर्जावर एक मोठा अहवाल आला, १९८७ मध्ये कायदा झाला, आणि प्रत्येक निवाशाची ठरावीक नमुन्यात तपासणी बंधनकारक झाली: दाखल झाल्यावर चौदा दिवसांत, मग दर तिमाहीला, आणि प्रकृतीत मोठा बदल झाला की मध्येच. २०१० मध्ये तो नमुना बदलला तेव्हा एक मोठी दुरुस्ती केली: स्मृती, मनःस्थिती, वेदना यांबद्दल आधी निवाशाला स्वतःला विचारायचं. त्याला सांगता आलं नाही तरच कर्मचाऱ्यांचं मत, आणि तेही सगळ्या पाळ्यांमधल्यांचं. एवढं करूनही, तिथल्या संशोधकांनी रुग्णालयांची बिलं आणि नर्सिंग होमचे फॉर्म ताडून पाहिले, तेव्हा गंभीर इजा झालेल्या पडण्यांपैकी फक्त ५७.५ टक्के फॉर्मवर सापडली. हा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे संस्थेच्या दर्जाचे तारे काही अंशी याच फॉर्मवर ठरतात आणि सरकारकडून मिळणारे पैसेही. आकड्यावर काहीतरी अवलंबून असलं की आकडा वाकतो.

आमच्याकडेही तो वाकत होता, आणि ही गोष्ट मला शेवटी कळली. संस्थेचे दर तीन: स्वतःचं स्वतः करणारे, मदत लागणारे, अंथरुणाला खिळलेले. दाखल करताना मुलाने सांगितलं होतं, "आई स्वतःचं सगळं करते." बरेच वृद्धाश्रम चालत्याफिरत्या माणसालाच घेतात, मग कुटुंबाने दुसरं काय सांगावं? बार्थेलचे गुण ९० वरून ५५ वर आले की दर बदलतो, आणि तसं सांगणारा फोन व्यवस्थापकांनी मुलाला करायचा असतो. कुणी कुणाला "कमी लिहू नका" असं म्हटलेलं नाही. पण तो फोन टळावा असं सगळ्यांनाच वाटत होतं.

उलट्या बाजूची चूकही तिथेच सापडली. एका आजोबांच्या नावापुढे 'अंथरुणाला खिळलेले' होतं, कंबरेच्या दुखण्यातून उठल्यानंतरही. म्हणून रात्री पलंगाचे कठडे वर. आजोबा रोज पहाटे कठड्यावरून पाय टाकून संडासला जात होते. रात्रीच्या मावशींना माहीत होतं.

बदल फार मोठे केले नाहीत. फॉर्म इंग्रजी होता, इंटरनेटवरच्या नमुन्यावरून बेतलेला. तो मराठीत केला, आणि प्रश्न मावशींच्या बोलण्यातले घेतले. 'पडणे' असं न विचारता 'या आठवड्यात कधी जमिनीवर सापडले किंवा तुम्ही धरल्यामुळे वाचले का?' 'पोषण' ऐवजी 'ताटात काय परत येतं?' आणि 'ब्लाउज, पायजमा, बांगड्या, अंगठी, कवळी सैल झाली का?' पिंडरीचा घेर टेपने मोजायचा. ३१ सेंटीमीटरच्या खाली गेला तर मला लगेच फोन. 'मोजे काढून दोन्ही टाचा चाचपल्या का?' आणि बोलण्याची कुठलीही चाचणी घेण्याआधी: 'चष्मा आहे? यंत्राला सेल आहे? कवळी बसते?' मागच्या महिन्याचा फॉर्म भरताना समोर ठेवायचा नाही. माहिती सकाळपाळीच्या आणि रात्रपाळीच्या दोन्ही मावशींकडून, त्यांच्या नावानिशी. रोज पाचच जणांचे फॉर्म भरायचे, म्हणजे सगळं महिनाअखेरच्या रात्रीवर येत नाही. खुर्चीचा काटा संस्थेने घेतला. आणि मी सही करण्याआधी कुठल्याही दोन ओळी स्वतः ताडून पाहते, समोर माणूस बसवून.

नावानिशी लिहिण्याला पेठच्या मावशींनी सुरुवातीला नकार दिला. "काही झालं तर माझ्यावर येईल." व्यवस्थापकांनी सर्वांसमोर सांगितलं की नोंद केली म्हणून कुणाला बोलणार नाही, लपवली तर मात्र विचारू. तरी मावशींचा विश्वास बसायला महिना गेला. त्यांनी सांगितलेली पहिली नोंद दुसऱ्याच एका आजींच्या मोरीत घसरण्याची होती, आणि ती त्यांच्याच पाळीतली होती.

दराचा प्रश्न सुटलेला नाही. आजींच्या मुलाला वरचा दर जड जातो आहे. मी व्यवस्थापकांना सुचवलं आहे की तपासणीचा फॉर्म आणि दर ठरवण्याचा कागद वेगळा करा, दर सहा महिन्यांनीच बदला. ते विचार करत आहेत.

आजींची टाच उशीवर तरंगती ठेवायला लागलो, पिंडरीखाली उशी आणि टाच मोकळी. जूनअखेरीस खपली पडली, खाली कोवळी गुलाबी कातडी होती. कवळी नवी केली. भाकरी परत सुरू झाली, दुधात कुस्करून.

जुलैच्या पहिल्या राऊंडला आजींचा फॉर्म हातात घेतला. वजनाच्या रकान्यात सिस्टरनी लिहिलं होतं: "घेतलं नाही. काटा वरच्या मजल्यावर, लाइट नसल्याने लिफ्ट बंद. सोमवारी घेते." मी सही केली. सोमवारी त्यांचा मेसेज आला: ४८.१. मावशींनी अंगठीचा वरचा दोरा सोडला होता, खालचा अजून होता.